एक प्रोग्रॅम, चार डेटाबेस: एडीओडीबीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या भागात वेबची कामं करणारी मुलं-मुली डेटाबेसचे प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. गिऱ्हाईक वेगळं असतं, प्रश्न मात्र फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. उदाहरणं पीएचपी आणि तिच्यासाठीच्या एडीओडीबी या डेटाबेस लायब्ररीची आहेत, कारण माझ्या रोजच्या हातातलं अवजार तेच आहे. पायथन किंवा जावामध्ये काम करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

डेटाबेस अ‍ॅबस्ट्रॅक्शन लायब्ररी म्हणजे नेमकं काय?

खडेबाजारातला कापडवाला बैलहोंगलच्या गिऱ्हाईकाशी कन्नडमध्ये बोलतो, चंदगडच्या गिऱ्हाईकाशी मराठीत आणि गोव्याहून आलेल्याशी कोकणीत. ठाणातलं कापड तेच, भावही तोच. लायब्ररीचं काम असंच चालतं. तुमचा प्रोग्रॅम तिला एकाच पद्धतीनं सांगतो की ही क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) चालव, या दहा ओळी दे, ही नोंद घाल. समोर मायएसक्यूएल आहे, पोस्टग्रेस आहे, एसक्यूएल सर्व्हर आहे की एसक्यूलाइट, हे पाहून ती त्याच्या बोलीत बोलते. प्रत्येक डेटाबेससाठी तिच्यात एक ड्रायव्हर असतो.

ही कल्पना जुनी आहे. ओडीबीसी 1992 मध्ये आलं, पर्लचं डीबीआय 1994 मध्ये, जावाचं जेडीबीसी 1997 मध्ये. पीएचपीत तेव्हा प्रत्येक डेटाबेससाठी फंक्शनं वेगळी होती, नावं वेगळी आणि आर्ग्युमेंटचा क्रमही वेगळा. त्या काळात, 2000 मध्ये, जॉन लिम यांनी एडीओडीबी सुरू केली. नाव मायक्रोसॉफ्टच्या एडीओ या अशाच लायब्ररीवरून घेतलं आहे. पुढे 2015 च्या डिसेंबरात पीएचपी 7.0 आलं आणि जुनी मायएसक्यूएल फंक्शनं काढून टाकली गेली. ज्यांनी ती पानापानावर लिहिली होती त्यांना प्रत्येक पान उघडावं लागलं. ज्यांचं सगळं लायब्ररीतून जात होतं त्यांनी जोडणीच्या ओळीत ड्रायव्हरचं नाव बदललं.

पीडीओ आहे की! मग ही कशाला?

पीडीओ ही पीएचपीची स्वतःची डेटाबेस जोडणी 2005 पासून, म्हणजे पीएचपी 5.1 पासून सोबतच येतं आणि चांगलं आहे. पण ते फक्त बोलवण्याची पद्धत एकसारखी करतं. क्वेरीतला मजकूर ते जसाच्या तसा पुढे पाठवतं. मायएसक्यूएलचं लिमिट (किती ओळी हव्यात ते सांगणारा शब्द) एसक्यूएल सर्व्हरला कळत नाही, आणि पीडीओ ते बदलूनही देत नाही. एडीओडीबी त्याच्या पुढे जाते: ओळी मर्यादित करणं, तारखा, अनुक्रमांक, टेबल तयार करणं यांतले फरक ती बऱ्याच अंशी स्वतः सांभाळते.

तुमचं काम आज एकाच डेटाबेसवर असेल आणि तो बदलणार नाही याची खात्री असेल, तर पीडीओ पुरे. हे मी मनापासून सांगतो. गरज नसताना थर चढवू नये.

आमची कामं लहान. आमचा डेटाबेस बदलतोच कुठे?

मलाही पहिली काही वर्षं असंच वाटायचं. पण आपल्या भागातली कामं कशी येतात ते बघा. वडगावच्या साडी विणकराला स्वस्त होस्टिंग हवं असतं, तिथे मायएसक्यूएलच मिळतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत हिशेबाचं पॅकेज आधीच एसक्यूएल सर्व्हरवर चालतं, आणि मालक म्हणतो, तुमची स्टॉकची नोंद त्यातच बसवा. ग्रंथप्रदर्शनातल्या स्टॉलवर इंटरनेट नसतं, तिथे लॅपटॉपवर एसक्यूलाइट लागतं. तिन्ही ठिकाणी बिल बनवण्याचा कोड तर तोच. तीन प्रती केल्या की एकीत दुरुस्त केलेली चूक दुसरीत राहते, आणि ती नेमकी मार्चअखेरीला वर येते.

म्हणून माझ्या लेखी लायब्ररीचा खरा उपयोग ‘उद्या डेटाबेस बदलला तर’ यासाठी कमी आहे. आज एकच कोड तीन गिऱ्हाइकांकडे न्यायचा आहे, यासाठी तो जास्त आहे.

म्हणजे ड्रायव्हरचं नाव बदललं की काम झालं?

नाही. सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा लांब लिहितो.

एका वाहतूकदाराचं काम मी मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर नेलं. ट्रकच्या नोंदी, भाडं, डिझेल असं सगळं. ड्रायव्हर बदलला, पाच-पन्नास नावं शोधून पाहिली, सगळी सापडली. दुसऱ्या दिवशी कारकुनाचा फोन आला, ‘एकही गाडी सापडेना.’ तो आमच्या केए 22 चा (बेळगावच्या गाडीचा) नंबर रोमनच्या लहान अक्षरांत टाइप करत होता, नोंदी मोठ्या अक्षरांत होत्या. मायएसक्यूएलमध्ये नेहमीच्या कोलेशनला (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमाला) लहान-मोठं अक्षर एकच. पोस्टग्रेसचं लाइक (मजकूर शोधायचा शब्द) हा फरक पाळतं. आणि मला आदल्या दिवशी हे का कळलं नाही? मी चाचणी मराठी नावांवर घेतली होती, देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतंच. तेव्हापासून गाडीचा नंबर साठवण्याआधी मी त्यातली जागा आणि आडव्या रेघा काढतो, सगळी अक्षरं मोठी करतो, आणि शोधायला आलेल्या शब्दावरही तीच क्रिया करतो. मग कुठलाही डेटाबेस असो.

असे फरक बरेच आहेत. दोन उभ्या रेघा (||) पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूलाइटमध्ये दोन शब्द जोडतात, मायएसक्यूएलमध्ये त्यांचा अर्थ मूळ सेटिंगला ‘किंवा’ असा होतो. मायएसक्यूएलमध्ये हो-नाहीचा कॉलम खरं तर लहान आकडा असतो, त्यामुळे ‘चालू = 1’ चालतं. पोस्टग्रेसमध्ये बुलियन हा वेगळा प्रकार आहे आणि तीच क्वेरी तिथे चुकीची ठरते. ओरॅकल रिकाम्या मजकुराला नल (किंमतच नाही) समजतो, म्हणजे ‘फोन नंबर रिकामा आहे का’ हा प्रश्न तिथे वेगळ्या तऱ्हेनं विचारावा लागतो. जुन्या मायएसक्यूएलमध्ये सगळी शून्यं असलेली तारीख खुशाल बसायची. पोस्टग्रेस ती घेत नाही, आणि डेटा हलवताना काम तिथेच अडतं. चढता क्रम लावताना नल पोस्टग्रेसमध्ये शेवटी जातात, मायएसक्यूएलमध्ये सुरुवातीला येतात. एसक्यूलाइटमध्ये फॉरिन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्यात खरंच आहे का, हे पाहणारा नियम) मुळात बंद असते, प्रत्येक जोडणीत ती चालू करावी लागते.

यातलं काही एडीओडीबी सांभाळते. जोडण्यासाठी तिचं कॉन्कॅट आहे, तारखांसाठी डीबीडेट आहे. पण तुम्ही स्वतःच्या हातानं क्वेरीत एखाद्या डेटाबेसची खास बोली लिहिलीत, तर लायब्ररी ती पुसून टाकत नाही. दुकानदार तीन भाषा बोलतो म्हणून तुमची चिठ्ठी भाषांतरित होत नाही.

पानावर दहा-दहा नोंदी दाखवायच्या आहेत. लिमिट कसं लिहू?

क्वेरीत लिमिट लिहूच नका. सिलेक्टलिमिट वापरा: क्वेरी, किती ओळी, किती सोडून. हा क्रम लक्षात ठेवा, कारण मायएसक्यूएलचं स्वल्पविरामवालं लिमिट उलटं आहे, तिथे आधी ‘किती सोडून’ येतं. वीस सोडून दहा हव्या असतील तर सिलेक्टलिमिटला 10, 20 द्यायचं, मायएसक्यूएलच्या लिमिटला 20, 10. नवी मुलं इथे हमखास अडखळतात, आणि दुसऱ्या पानावर दोन्ही आकडे दहाच असल्यानं चूक दिसत नाही.

आणि क्रम लावल्याशिवाय पानं पाडू नका. ऑर्डर बाय नसेल तर ओळी कुठल्या क्रमानं येतील याची हमी कुठलाच डेटाबेस देत नाही. एकच सभासद दोन पानांवर दिसतो आणि दुसरा कुठेच दिसत नाही.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. डेटा गेला का?

आधी नीट बघा, काय दिसतंय. दोन वेगळे आजार आहेत.

ओळीनं प्रश्नचिन्हंच असतील तर वाटेत कुठेतरी अक्षर ओळखता न आल्यामुळे ते टाकून दिलं आहे. हे साठवताना झालं असेल तर तो मजकूर गेला, बॅकअपमधूनच आणावा लागेल; फक्त वाचताना होत असेल तर जोडणी सुधारल्यावर परत दिसतो. पण माथ्यावर तिरक्या रेघा असलेली रोमन अक्षरं आणि विचित्र चिन्हं दिसत असतील तर बाइट शाबूत असण्याची बरीच शक्यता आहे, फक्त वाचणारा चुकीच्या अक्षरसंचातून वाचतोय. मायएसक्यूएलच्या जुन्या लॅटिन-1 टेबलांत हे फार आढळतं. ज्या वाटेनं आत गेलं त्याच वाटेनं बाहेर आलं तर बरोबर दिसतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. लायब्ररी किंवा सर्व्हर बदलला की उघडं पडतं. अशा वेळी घाईनं काही ‘दुरुस्त’ करून साठवू नका. आधी प्रत काढा, एका ओळीवर प्रयोग करा.

नव्या कामात तीन जागा सांभाळा: टेबल, जोडणी आणि पान. तिन्हीकडे यूटीएफ-8, म्हणजे सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-8-एमबी-4 च घ्या. ज्याला मायएसक्यूएल नुसतं यूटीएफ-8 म्हणत आलं ते एका अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरी आणि कन्नड तीन बाइटांत बसतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. इमोजीला चार लागतात. मोडी लिपीलाही चार लागतात, ती 2014 मध्ये युनिकोड 7.0 मध्ये आली. आपल्याकडे घराघरांत मोडी कागद आहेत, उद्या कुणी त्यांची सूची करायला सांगितली तर आजचं टेबल तयार हवं.

एसक्यूएल सर्व्हरवर कॉलम एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) ठेवा, जोडणीला यूटीएफ-8 सांगा आणि मजकूर पॅरामीटर म्हणून पाठवा. एडीओडीबीच्या डेटा डिक्शनरीतून (टेबलं बनवणाऱ्या तिच्या भागातून) टेबल बनवत असाल तर मजकुरासाठी सी ऐवजी सी-2 लिहा, म्हणजे ती तिथे एनव्हारचार करते. ओरॅकलमध्ये कॉलमची लांबी मूळ सेटिंगला बाइटमध्ये मोजली जाते. पन्नासच्या कॉलमात देवनागरीची सोळा चिन्हं कशीबशी मावतात, आणि ‘श्री’ हे एकटंच चार चिन्हांचं आहे.

‘कुऱ्हाडे’ आडनाव डोळ्यांना दिसतंय, शोधल्यावर सापडत नाही. असं कसं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, कारण तो मराठीत काम करणाऱ्याला हमखास पडतो. चंद्रकोरीसारखा तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखं. डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. गिऱ्हाईक, तऱ्हा, वाऱ्यावर, सगळ्यांची तीच गत. ‘ॲड.’ मधला ॲ तसाच: एकसंध अक्षर 2008 मध्ये युनिकोड 5.1 मध्ये आलं, त्याआधीचे लोक अ वर चंद्र देत आले आणि आजही देतात.

पीएचपीचं नॉर्मलायझर (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणारं) इथे पुरत नाही. नुक्तावाला (खाली टिंब दिलेला) र ते एकसंध करतं, पण जोडचिन्हवाला प्रकार युनिकोडच्या लेखी वेगळाच आहे. म्हणून स्वतःचं एक लहान फंक्शन लिहा: आधी नॉर्मलायझर, मग र-हलन्त-जोडचिन्हाच्या जागी ऱ-हलन्त, मग अ-चंद्राच्या जागी ॲ, शेवटी पुढच्या-मागच्या रिकाम्या जागा काढणं. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा मजकूर त्यातूनच जाऊ द्या. माझ्या प्रत्येक कामात हे फंक्शन पहिल्या दिवशी येतं.

गावाचं नाव बेळगाव लिहू की बेळगावी? कन्नडमध्येही हवं आहे.

1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी नाव बेळगावी झालं. लोक अर्जात बेळगाव लिहितात, बेळगावी लिहितात, रोमनमध्ये जुनं-नवं दोन्ही स्पेलिंग लिहितात, आणि कन्नडमध्ये लिहितात ते वेगळंच. मजकूर म्हणून साठवलंत तर एका गावाची पाच गावं होतात आणि तालुकावार यादी कधीच जुळत नाही. गावाला एक संकेतांक द्या. नावांचं टेबल वेगळं ठेवा: संकेतांक, भाषा, नाव. सभासदाच्या नोंदीत फक्त संकेतांक. पावती मराठीत छापायची की कन्नडमध्ये हे भाषेच्या कॉलमवरून ठरतं, आणि नाव उद्या पुन्हा बदललं तर एक ओळ बदलते.

माणसांच्या नावांनाही मी हेच टेबल लावतो. त्यांचं लिप्यंतर आपोआप करू नका. प्रत्येकाला आपलं नाव कसं लिहिलं जावं याचा हक्क आहे, त्यालाच विचारून भरा.

सभासदांची यादी अकारविल्हे नीट लागत नाही.

नुसत्या अक्षरांच्या युनिकोड संकेतांकांच्या क्रमानं लावलं तर ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर, पुढे क्ष आणि ज्ञ. एसक्यूलाइट मुळात तसाच बाइटच्या क्रमानं लावतो. पोस्टग्रेसमध्ये 2017 च्या 10 व्या आवृत्तीपासून आयसीयू कोलेशन आहेत, त्यांत मराठीचंही आहे. छापील मतदारयादी किंवा सभासदयादी असेल तर मी क्रम पीएचपीच्या कोलेटरनं लावतो, डेटाबेसवर सोडत नाही.

नावात वरचा स्वल्पविराम आला की प्रोग्रॅम पडतो.

डि’सोझा! आपल्याकडे कॅम्पमध्ये, खानापुरात ही आडनावं नेहमीची. असं नाव रोमनमध्ये साध्या अवतरणचिन्हानं टाइप झालं की क्वेरीतलं अवतरण तिथेच बंद होतं आणि पुढचं सगळं बिघडतं. अवतरणं टाळून नाव ‘सुधारायला’ सांगणं हा गिऱ्हाइकाचा अपमान आहे. मजकूर क्वेरीत चिकटवू नका, प्रश्नचिन्ह ठेवा आणि किमती ॲरेमधून एक्झिक्यूटला द्या. पोस्टग्रेसला डॉलर-एक, डॉलर-दोन लागतात, ते बदलून देणं लायब्ररीचं काम. बाहेरून मुद्दाम घातलेली क्वेरीही याच दारानं आत येते, त्यामुळे हा नियम मी कुणासाठीही सैल करत नाही.

पिग्मीची वसुली नोंदवतो. मध्येच वीज गेली तर?

एजंटची पावती एका टेबलात आणि खातेदाराची शिल्लक दुसऱ्यात. एक झालं आणि दुसरं राहिलं तर रोज पन्नास रुपये साठवणाऱ्या भाजीवालीचे पैसे कागदावरून नाहीसे होतात. स्टार्टट्रान्सनं सुरुवात करा, कम्प्लीटट्रान्सनं शेवट. मधली कुठलीही क्वेरी चुकली तर एडीओडीबी सगळं मागे घेते. क्वेरी चुकली नाही पण हिशेब चुकला, समजा शिल्लक उणे झाली, तर ते तिला कळत नाही. तिथे तुम्ही फेलट्रान्स म्हणायचं.

जुन्या मायएसक्यूएलवर एक नक्की तपासा: टेबल मायआयसॅम या जुन्या प्रकारचं आहे का? त्यात ट्रान्झॅक्शन (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशी सोय) नाहीच, आणि ते टेबल काही तक्रारही करत नाही. इनोडीबी 5.5 पासून मूळ प्रकार झाला, पण त्याआधीची टेबलं तशीच राहिलेली असतात. एका सौहार्द सहकारी संस्थेत मला अशी टेबलं भेटली होती, सगळा कोड ट्रान्झॅक्शननं लिहिलेला आणि खाली मायआयसॅम.

रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नका, न्यूमेरिकमध्ये ठेवा. एसक्यूलाइटवर रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून साठवा, छापताना शंभरानं भागा.

चूक झाली तरी काही दिसत नाही. का?

एक्झिक्यूट चुकल्यावर मुकाट्यानं फॉल्स परत करते. चूक झाली की ती समोर आणणारी एक्सेप्शनची फाइल लायब्ररीच्या आधी जोडा, मग चूक लपणार नाही.

थरामुळे वेग कमी होतो का?

थोडा होतो. पण हळू चालणाऱ्या पानांत मला दोष जवळपास नेहमी इंडेक्स नसण्यात किंवा लूपमध्ये क्वेरी घालण्यात सापडला आहे. आधी ते पाहा.

व्यावसायिक कामात वापरायला पैसे?

नाही. बीएसडी आणि एलजीपीएल असे दोन परवाने आहेत, हवा तो घ्या.

दोन डेटाबेसवर चालतं हे कसं तपासू?

दोन्हीवर चालवून. दुसरा उपाय मला माहीत नाही. तुमच्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल असेल तर शेजारी पोस्टग्रेस बसवा, टेबलं डेटा डिक्शनरीतून बनवा आणि रोज संध्याकाळी त्याच चाचण्या दोन्हीकडे फिरवा. चाचणीच्या नोंदी मी अशा ठेवतो: एक कुऱ्हाडे दोन्ही तऱ्हांनी टाइप केलेला, एक येळ्ळूरकर, एक रोमन डि’सोझा, एक कन्नड नाव, लहान अक्षरांतला एक गाडी नंबर, एक तारीख नसलेली नोंद, एक रिकामा फोन नंबर आणि 29 फेब्रुवारीचा एक जन्म. या आठ-नऊ ओळींनी मला जेवढं पकडून दिलंय तेवढं हजार बनावट नोंदींनी दिलं नाही.

काम सोपवताना गिऱ्हाइकाला काय द्यावं?

टेबलांची व्याख्या, यूटीएफ-8 मधल्या सगळ्या डेटाची साधी सीएसव्ही प्रत, आणि एक कागद: कुठल्या फाइलमध्ये कुठल्या डेटाबेसची खास क्वेरी नाइलाजानं लिहिली आहे. माझ्या शेवटच्या कामात त्या कागदावर चार ओळी होत्या. पुढचा मुलगा निपाणीचा असो की हुबळीचा, त्याला त्या चार जागीच हात घालावा लागेल.